मॉस्कोच्या चष्म्यातले पंडित

इंग्रज बोटीतून आला म्हणून तो साम्राज्यवादी, आणि रशियन स्तेपचा माळ तुडवत आला म्हणून तो थोरला भाऊ! विद्यापीठांतून पिढ्यान्‌पिढ्या हाच पाठ घोकवणाऱ्या पंडितांची आता कोणी गय करू नये. मोजके अपवाद सोडले, तर या मंडळींनी मॉस्कोचा व्हिसा, मॉस्कोचे दफ्तरखाने आणि रशियन भाषा एवढ्या शिदोरीवर बाल्टिकपासून पामीरपर्यंतच्या माणसांचे भविष्य सांगण्याचा धंदा मांडला.

पंडितहो, कझाकस्तानात १९३० ते १९३३ या काळात काय घडले? भटक्या पशुपालकांची गुरे सोव्हिएत सरकारने ओढून नेली, त्यांना सक्तीने एका जागी बसवले आणि सुमारे पंधरा लाख माणसे अन्नान्न करीत मेली. कझाक समाजाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा नाहीसा झाला. १९२९ साली त्यांची अरबी लिपी काढून लॅटिन लादली. १९४० साली तीही पुसून सिरिलिक आणली. आजोबांचे पत्र नातवाला वाचता येऊ नये अशी ही चोख व्यवस्था! कझाक भाषेचे व्याकरण लिहिणाऱ्या अहमेत बायतुर्सिनोव्ह यांना १९३७ साली गोळी घातली. याला तुम्ही आधुनिकीकरण म्हणता? मग भारतात इंग्रजी शिक्षण आणणाऱ्या मेकॉलेनेच काय पाप केले होते? आमच्याकडचे प्राध्यापक त्याच्या नावाने रोज बोटे मोडतात. पण मे १९४४ मध्ये क्रिमियन तातारांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात फेकले, त्याविषयी विचारा, लगेच दातखीळ बसते.

युक्रेनच्या बाबतीत तर निर्लज्जपणाची हद्द झाली. २०१४ साली रशियाने क्रिमिया गिळला, तेव्हा शिकागोचे प्राध्यापक जॉन मिअरशायमर यांनी दोष पाश्चात्त्यांच्या माथी मारला. बड्या सत्तेचे दुखणे त्यांना दिसले. कीव्हमधल्या माणसालाही स्वतःचे मत असते, हे काही केल्या सुचेना. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी स्वतःच्या सहीने लांबलचक लेख लिहून रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक असल्याचे ठणकावले. त्याच डिसेंबरात स्टालिनच्या बळींची नावे जपणारी ‘मेमोरियल’ ही संस्था रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. आणखी कोणता पुरावा हवा होता? रणगाडे? तेही दोन महिन्यांत आले.

मग मात्र पंडितांची एकच धावपळ! २०२३ साली फिलाडेल्फियात बाल्टिकपासून पामीरपर्यंतच्या या प्रदेशाच्या अभ्यासकांचे अधिवेशन भरले आणि त्याचा विषय ठरला निर्वसाहतीकरण. बरीच लवकर जाग आली म्हणायची! कझाक माळावरच्या भूकबळींना तेव्हा नव्वद वर्षे होऊन गेली होती.