शृंगार नव्हे, विटंबना

१९८२ साली गिरणगाव संपात होरपळत असताना अमेरिकेत ‘कस्टर्स रिव्हेंज’ हा व्हिडिओ गेम विक्रीस आला. बांधून ठेवलेल्या मूळनिवासी स्त्रीवर अत्याचार केला की खेळाडूस गुण! तेथील स्त्रिया व मूळनिवासी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. आज लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आहेत, कामगारांच्या नातवंडांच्या हाती मोबाइल आहे, आणि त्या काळातील ठोकळेबाज चित्रशैलीला ‘रेट्रो’ म्हणून पुन्हा भाव आला आहे. शैलीशी वैर नाही. शृंगाराशी तर नाहीच. लावणीला दाद देणाऱ्या गिरणगावाला शृंगार आणि विटंबना यांतील भेद कळतो. लावणीतील स्त्री आपली इच्छा बोलून दाखवते. त्या खेळात ती केवळ बक्षीस होती. बंदीने पोलिसांचे हात तेवढे बळकट होतील. कार्यकर्त्यांनी वस्तीतील मुलामुलींशी याविषयी न संकोचता बोलावे. स्त्रीला माल ठरवणाऱ्या नफेखोरीशी लढा तेथूनच सुरू होईल.