रूळ आले, गाडी कुणाच्या वेळेची?

उसाचा हंगाम ऐन भरात असताना दिंद्रुडच्या रस्त्यावर तासभर उभे राहावे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेने कारखान्याकडे निघालेले असतात. त्यांच्यामागे खोळंबलेली एस.टी., तिच्यामागे गच्च भरलेली काळी-पिवळी आणि या साऱ्यांतून जीव मुठीत धरून वाट काढणारे दुचाकीस्वार. बीडच्या रुग्णालयात निघालेला वृद्ध, परळीच्या महाविद्यालयात जाणारी मुलगी, दहाच्या ठोक्याला कचेरी गाठू पाहणारा कारकून, सर्वांच्या वाट्याला हाच रस्ता. रस्ता रुंद केला की कोंडी सुटते, हा आपल्याकडील राज्यकर्त्यांचा लाडका समज. रुंद झालेल्या रस्त्यावर वाहनेही वाढतात, हे पुण्याने पुरेसे दाखवून दिले आहे.

या पार्श्वभूमीवर अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाकडे पाहिले पाहिजे. 261 किलोमीटरच्या या मार्गाला 1995 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हाचा अंदाजित खर्च होता सुमारे 353 कोटी रुपये. पुढे तो 4,800 कोटींवर गेला. हा फरक केवळ महागाईचा नव्हे. वर्षानुवर्षे अर्थसंकल्पात तोंडाला पाने पुसणारी तरतूद करण्याचे हे मोल आहे. त्याच दशकात कोकण रेल्वेने सह्याद्रीच्या कड्यांतून बोगदे खोदीत सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग 1990 ते 1998 या आठ वर्षांत पुरा केला. तेथे स्वतंत्र महामंडळ होते, रोख्यांतून उभारलेला पैसा होता आणि काम अडू न देणारी माणसे होती. बीडच्या वाट्याला आली ती आश्वासने. गोपीनाथ मुंडे यांनी हा प्रश्न दिल्लीत नेटाने लावून धरला. 2014 मध्ये त्यांचे रस्ते अपघातातच निधन झाले. निम्मा खर्च राज्याने उचलण्याचे ठरले, त्यानंतर कुठे कामाला गती आली.

17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली प्रवासी गाडी धावली. निजामी राजवट संपून 77 वर्षे लोटल्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी शिटी वाजली. त्या दिवशी स्थानकावर लोटलेली गर्दी पाहून कोणाचेही मन भरून यावे. मात्र आनंदाचा भर ओसरल्यावर वेळापत्रक हाती घ्यावे लागते. आरंभीच्या वेळापत्रकानुसार गाडी सकाळी सातच्या सुमारास अहिल्यानगरहून निघून दुपारी साडेबाराला बीडला पोहोचत होती आणि एक वाजता परत फिरत होती. सुमारे 166 किलोमीटरला साडेपाच तास! रविवारी गाडी नाही. या गाडीने कोणता कारकून कामावर जाणार आणि कोणता विद्यार्थी तासाला बसणार?

येथेच एक धोका आहे. 2022 मध्ये आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हा तिला प्रवासी थोडे मिळाले, आणि ‘या भागात रेल्वेला मागणीच नाही’ असे म्हणणारे लगेच पुढे सरसावले. अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्या आणि अवेळी धावणाऱ्या गाडीत लोक बसत नाहीत, यात लोकांचा दोष तो काय? मुंबईची उपनगरी गाडी लाखो लोकांचा रोजचा आधार झाली ती घड्याळाच्या विश्वासावर. त्या सेवेच्या विस्तारासाठीही राज्य शासन रेल्वेच्या जोडीने निम्मा भार उचलते. मुंबईकरांना ते मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. मराठवाड्यालाही त्याच हिशेबाने मोजावे, एवढेच मागणे आहे.

बीडपासून परळीपर्यंतचा सुमारे 95 किलोमीटरचा टप्पा दिंद्रुडच्या परिसरासाठी जिव्हाळ्याचा आहे. तो रखडला तर बीड हे शेवटचे स्थानकच राहील आणि परळीच्या रस्त्यावरील एकही वाहन कमी होणार नाही. तो पुरा झाल्यावर सकाळी परळीहून निघून दहाच्या आत बीड गाठणारी आणि कचेऱ्या सुटल्यावर परतणारी गाडी हवी. स्थानके गावांपासून दूर असतील तेथे गाडीच्या वेळेला एस.टी. उभी असावी; नाही तर प्रवासी पुन्हा काळी-पिवळीतच बसेल.

यात अडचण आहे ती हद्दीची. परळी स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात येते, तर अहिल्यानगर मध्य रेल्वेत. दोन क्षेत्रांच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बोट दाखविण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. लोकप्रतिनिधींनी उद्घाटनाच्या फलकांची चिंता थोडी बाजूला ठेवून दोन्ही क्षेत्रांच्या अधिकाऱ्यांना आताच एका टेबलाशी बसवावे, आणि त्या बैठकीला रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्या चार प्रवाशांनाही बोलवावे.