सौर वादळाची पूर्वसूचना आणि अवकाशातील कणमापन

१० आणि ११ मे २०२४ रोजी पृथ्वीवर आदळलेले सौर वादळ हे २००३ नंतरचे सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ ठरले. लडाखमधील हानले येथून आकाशात दिसलेल्या तांबूस प्रकाशाची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. त्या मानाने एका गोष्टीची चर्चा फारच थोडी झाली. इन्सॅट-३डीएस आणि इन्सॅट-३डीआर या हवामान उपग्रहांवरील, ताऱ्यांच्या आधारे दिशा ठरविणारे संवेदक इस्रोने खबरदारी म्हणून बंद ठेवले होते. मोठी हानी टळली; मात्र असा निर्णय घेण्यास हाती किती अवधी मिळतो, हा प्रश्न त्या निमित्ताने पुढे आला आहे.

या अवधीचा शोध घेणारे एक महत्त्वाचे केंद्र कोलकात्याजवळ मोहनपूर येथे, भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आहे. प्रा. दिव्येंदु नंदी यांच्या नेतृत्वाखालील हा गट सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी संगणकीय प्रारूपात घालून सौर घडामोडींचे अंदाज वर्तवितो. २०१७ आणि २०२४ च्या खग्रास ग्रहणांपूर्वी सूर्याचे प्रभामंडळ कसे दिसेल, याचे भाकीतही या गटाने केले होते.

प्रारूपांना मात्र एक मर्यादा आहे. सूर्यापासून सुटलेला विद्युतभारित वायूचा लोट दुर्बिणीतून दिसतो. पृथ्वीपर्यंत यायला त्याला साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. परंतु त्याचा जोर किती आणि त्यातील चुंबकीय क्षेत्राची दिशा कोणती, हे छायाचित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. उपग्रहचित्रात ढग दिसले तरी पाऊस मोजण्यास पर्जन्यमापक लागतोच, तसेच हे आहे.

भारताचा असा मापक म्हणजे आदित्य-एल१. २ सप्टेंबर २०२३ रोजी उड्डाण केलेले हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेल्या त्यावरील ॲस्पेक्स उपकरणाचे दोन भाग आहेत. एक भाग सौर वाऱ्यातील तुलनेने मंद आयन मोजतो, तर स्टेप्स नावाचा दुसरा भाग उच्च ऊर्जेच्या कणांची नोंद घेतो. कण सिलिकॉनच्या शोधकात शिरला की आपली ऊर्जा तेथे सोडतो आणि विजेचा एक क्षीण स्पंद उमटतो. स्पंद जितका मोठा, तितकी कणाने सोडलेली ऊर्जा अधिक. स्टेप्सचे सहा संवेदक वेगवेगळ्या दिशांना रोखलेले आहेत. कण सूर्याकडून सरळ रेषेत येत नाहीत, चुंबकीय रेषांच्या वळणांनी येतात. त्यामुळे एकाच दिशेला पाहून भागत नाही.

या कणांना महत्त्व आहे ते दोन कारणांनी. ते स्वतःच उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक भागांना आणि अंतराळवीरांना अपायकारक असतात. गगनयानाच्या तयारीत हा विषय दुर्लक्षून चालणार नाही. शिवाय वेगवान लोटाच्या आघाडीवरील धक्का-लहरीत ऊर्जा मिळवून काही कण लोटाच्या पुढे धावतात. त्यांची संख्या वाढू लागणे ही कित्येकदा मागून लोट येत असल्याची काही तास आधी मिळणारी वर्दी असते. सौर वारा सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर एल१ पासून पृथ्वीपर्यंत यायला त्याला तासभर लागतो. वेग दुप्पट झाला की हातात अर्धाच तास उरतो. अशा वेळी ते काही तास मोलाचे ठरतात.

कणमापनाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १९४० च्या सुमारास कोलकात्याच्या बोस संस्थेतील देबेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंगच्या उंचीवर छायाचित्रण-पट्ट्या ठेवून विश्वकिरणांचा माग काढला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेले ‘अनुराधा’ उपकरण १९८५ मध्ये स्पेसलॅब-३ मधून अवकाशात गेले. ते प्रयोग होते. पूर्वसूचनेला अखंड चालणारी सेवा लागते, आणि खरी उणीव येथेच आहे. अमेरिकेने १९९७ मध्ये ‘एस’ हे यान एल१ कडे पाठविले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केवळ अवकाशीय हवामानाच्या पूर्वसूचनेसाठी नवा उपग्रह सोडला. आदित्यची आखणी पाच वर्षांच्या वैज्ञानिक मोहिमेसाठी झाली आहे. त्यानंतर कोलकात्याच्या प्रारूपांना स्वदेशी नोंदी कोठून मिळणार, हे आताच ठरविणे आवश्यक आहे. आदित्यची कल्पना २००८ मध्ये मांडली गेली होती आणि उड्डाणास २०२३ साल उजाडले.