एकोणसाठ नावे, आठ कृमी

१/ पैनगंगा, अडाण, अरुणावती, बेंबळा या यवतमाळ जिल्ह्याच्या नद्या. विदर्भातल्या अशा पाण्यात मिळणारा मांगूर मासा आपण बाजारात पाहतो. त्याच्या आतड्यातील पट्टकृमी सहसा कोणी पाहत नाही. त्या कृमीला शंभर वर्षांचा लिखित इतिहास आहे आणि त्याचा आरंभ यवतमाळच्या शेजारी, नागपुरात झाला. इतिहासाच्या अभ्यासकांनी तो वाचावा, कारण त्यातला प्रश्न त्यांचाच आहे : पुरावा कशाला म्हणायचे?

२/ १९२५ साली नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनी ‘पॅरासायटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात मांगूरमधील एका नव्या कृमीचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव दिले ‘कॅरिओफिलियस इंडिकस’.

३/ हा कृमी फसवा. पट्टकृमीचे शरीर सहसा खंडाखंडांचे असते, याचे अखंड. म्हणून मोघ्यांच्या निबंधाच्या शीर्षकात त्याची गणना पर्णकृमींत झालेली दिसते.

४/ मोघे तेथेच थांबले नाहीत. १९३१ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी या जातीचे पुरवणी वर्णन दिले, ते ‘लायटोसेस्टस इंडिकस’ या बदललेल्या नावाखाली. स्वतःच्याच जातीकडे सहा वर्षांनी पुन्हा वळणे, ही माझ्या मते नवी जात शोधण्याहून मोठी गोष्ट आहे.

५/ पुढील दशकांत देशभर मांगूरच्या कृमींना नवनवी नावे मिळत गेली. २०११ साली अनिर्बाण ऐश, तोमाश शोल्ट्स आणि सहकाऱ्यांनी भारत, इंडोनेशिया व थायलंड येथील ताजे नमुने आणि संग्रहालयांतील जुने नमुने एकत्र तपासले. नोंदलेल्या जाती होत्या ५९. वैध ठरल्या ८. त्या आठांत मोघ्यांची ‘इंडिकस’ आहे.

६/ असे का होते? कृमी काचपट्टीवर दाबला की पसरतो, मेल्यावर आकसतो, कुजला की अवयवांचा आकार बदलतो. दोन-चार नमुन्यांच्या मापांतला असा फरक ‘नवी जात’ म्हणून सहज छापून येतो. मूळ नमुना संग्रहालयात असेल तर दुसरा अभ्यासक तो पाहून शंका फेडू शकतो. नसेल, तर उरतो केवळ शब्द.

७/ राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली ती याचसाठी. बखर काय सांगते याहून अस्सल पत्र काय सांगते, हे त्यांना महत्त्वाचे होते. जीवशास्त्रातले अस्सल पत्र म्हणजे जपून ठेवलेला नमुना.

८/ आता आणखी एक पेच. मोघ्यांच्या काळी आपला मांगूर ‘क्लॅरियस बॅट्राकस’ म्हणून ओळखला जाई. २००८ मध्ये मत्स्यतज्ज्ञांनी ते नाव जावा बेटावरील माशापुरते सीमित केले; भारतीय मांगूर आता ‘क्लॅरियस मागूर’. त्यातच बंदी असलेला आफ्रिकी मांगूरही बाजारात शिरतो. ‘मांगूरमध्ये कृमी आढळला’ एवढीच नोंद असेल, तर मासा नेमका कोणता? मासाही जपला असेल, तरच उत्तर मिळेल.

९/ नमुन्याइतकीच त्याची माहिती मोलाची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विश्वास चव्हाण व सहकाऱ्यांनी भारतीय प्राण्यांची इलेक्ट्रॉनिक सूची सिद्ध केली. पुढे २०११ मध्ये चव्हाण यांनी ल्युबोमिर पेनेव्ह यांच्यासह ‘डेटा पेपर’ची कल्पना मांडली : नोंदींचा संच नीट वर्णन करून खुला करणे, हेही प्रकाशन मानावे आणि त्याचे श्रेय करणाऱ्याला मिळावे.

१०/ मला हा विचार पटतो. संशोधकाची थोरवी त्याने किती नावे दिली यावर मोजली, तर ५९ नावे जन्मतात. त्याची नोंद दुसऱ्याला तपासता येते का, हे विचारले, तर आठ टिकतात. कोणी म्हणेल, छोट्या महाविद्यालयांत नमुने जपायला सोय कोठे? आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय संग्रहालयांशी नाते जोडणे हा आहे, पुराव्याविना नाव देणे हा नव्हे.

११/ यवतमाळच्या, पुसदच्या, वणीच्या तरुण मित्रांनो, उद्या तुम्ही नदीकाठची एखादी यादी कराल. नव्या नावाची घाई करू नका. स्थळ, तारीख, यजमान प्राणी, छायाचित्र आणि शक्य तेथे नमुना, एवढे ठेवा. शंभर वर्षांनी कोणी तुमची चूक दाखवू शकला, तर समजा की तुमचे काम जिवंत राहिले.