‘वासा’ जहाज आणि रोलबॅकचा प्रश्न
१६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं. इतकी वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशी जिवाणू पोखरतात. मग त्यांना आधार उरतो तो पाण्याचाच. लाकूड तसंच सुकू दिलं तर आक्रसतं, तडकतं. म्हणून वासावर १७ वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारलं. हे मेणासारखं रसायन पाण्याची जागा घेतं.

प्रश्न सुटला? नाही. २००० च्या सुमारास लाकडावर आम्लयुक्त क्षार दिसू लागले. बंदराच्या घाण पाण्यातून मुरलेलं गंधक, गंजलेल्या बोल्टांचं लोखंड आणि हवेतला ऑक्सिजन यांतून आत सल्फ्युरिक आम्ल तयार होत होतं.

आता संशोधक नवे पर्याय तपासताहेत: कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारं कायटोसान, लाकडातल्याच लिग्निनसारखे रेणू. छानच आहे. पण मला विचाराल तर पहिला प्रश्न ‘मजबुती किती?’ हा नको, ‘उद्या हे काढता येईल का?’ हा हवा. आम्ही कोड लाइव्ह करताना रोलबॅकची सोय आधी बघतो. इथे तर बॅकअपही नाही. जहाज एकच आहे.