किल्ल्यावरची बदके

ग्वाल्हेरला आपल्यापैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी नातेवाईक असतात, आणि पाहुण्याला किल्ला दाखविल्याशिवाय ते सोडीत नाहीत. मलाही मावसभावाने नेले. चढ चढता चढता मान वर केली, तो समोर मानमंदिर! राजा मानसिंग तोमराचा (१४८६ ते १५१६) हा वाडा.

किल्ला म्हणजे काळा दगड आणि तोफा, अशी आपली समजूत. इथे भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईच्या फरशा! आणि त्यांवर काय? पिवळ्या बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडे. रंग भट्टीत भाजून पक्का केलेला, म्हणून पाचशे उन्हाळ्यांनीही तो विटला नाही. १५२८ साली बाबर इथे आला. या केळींची नोंद त्याने आपल्या आठवणींत केली आहे. शत्रू यायचा त्या वाटेवर बदके मांडणारा राजा मला तरी फार आवडला.

बाबराच्या वंशजांनी किल्ल्याचा केला तुरुंग. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, १६६१ साली इथेच मारविले. वाटाड्याला त्या तळघराची भारी हौस, आणि मंडळीही तिकडेच धावतात. बाहेर पुष्कळ फरशा गळून गेल्या आहेत. तुम्ही गेलात तर मुलांना आधी उरलेली बदके मोजू द्या. तळघर कुठे पळून जात नाही!