निर्मनुष्य म्हणणाऱ्यांना

परदेशातल्या वाळवंटात जाऊन आलेल्या माणसाचे प्रवासवर्णन कसे असते, हे मी आता न वाचताही सांगू शकतो. पहिल्या पानावर विमान उतरते. दुसऱ्या पानावर क्षितिजापर्यंत वाळू पसरते. तिसऱ्यावर लेखकाला आपल्या क्षुद्रत्वाचा साक्षात्कार होतो, आणि चौथ्यापासून मोजदाद सुरू होते: सिंह पाच, गेंडे दोन, जिराफ असंख्य. या साऱ्यात मीठ घालावे तसा एक शब्द पेरलेला असतो, ‘निर्मनुष्य’. नामिबिया या देशावर लिहिणाराला तर तो शब्द गाळून दोन परिच्छेद पुढे जाता येत नाही.

माझे भांडण या एका शब्दाशी आहे. कोणी म्हणेल, मास्तर, एवढ्याशा विशेषणावरून केवढा संताप! पण मी आयुष्यभर वर्गात विशेषणेच शिकवीत आलो आहे. विशेषण नामाला सजवते, तसे ते नामाखालचे पुष्कळसे झाकूनही टाकते. ‘निर्मनुष्य’ हे असे झाकणारे विशेषण आहे. ते खोटे आहे, आणि लिहिणाराच्या सोयीचे आहे.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. मीही त्या देशात जाऊन आलो आणि मीही तो शब्द लिहिला. एटोशाच्या अभयारण्यात ओकाउकेयो नावाचे मुक्कामाचे ठिकाण आहे. तिथे दगडी बांधाच्या अलीकडे बाके मांडली आहेत आणि पलीकडे पाणवठा आहे. रात्री त्यावर मंद दिवे लावतात. अकराच्या सुमारास एक काळा गेंडा आला. पाण्यात त्याची सावली आधी पडली, मग तो आला. तो शांतपणे पाणी प्याला. त्याच्या पिण्याचा आवाज आम्हांला ऐकू येत होता. पन्नास-साठ माणसे बसली होती, पण कोणी खाकरलेसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लपवण्यात अर्थ नाही. खोलीवर येऊन मी वहीत लिहिले, ‘माणसाचा स्पर्श न झालेली ही आदिम, निर्मनुष्य भूमी.’ वाक्य मला आवडले, म्हणून खाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवणाऱ्या गृहस्थाला मी त्या वाक्याचा मतितार्थ मोठ्या हौसेने सांगितला. तो काही वेळ बोलला नाही. मग रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला, “माझी आजी इथल्याच एका पाणवठ्यावर जन्मली.”

तो हायओम जमातीचा होता. जर्मन अंमलात, १९०७ साली, गव्हर्नर फोन लिंडेक्विस्टने हा प्रदेश शिकारीसाठी राखीव म्हणून जाहीर केला; पण हायओम तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि पुढेही राहिले. प्रत्येक पाणवठ्याला त्यांनी दिलेले नाव होते. १९५४ साली, दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीत, त्यांना तेथून निघून जाण्याचा हुकूम झाला. बहुतेकजण सीमेलगतच्या गोऱ्या जमीनदारांच्या शेतांवर मजूर झाले. १९९० साली देश स्वतंत्र झाला. २०१५ साली त्यांच्यापैकी काहींनी कोर्टाची पायरी चढली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयातही त्यांची दाद लागली नाही. ज्या शांततेने मला रडू आले होते, ती शांतता अशी निर्माण झाली होती. माणसे होती, ती काढली, आणि मग आम्ही बाकांवर बसून म्हणालो, अहाहा, काय हा एकांत!

रेघ ओढलेले वाक्य मी खोडले. पण छापून गेलेली अशी वाक्ये कोण खोडणार?

आणि ही गोष्ट एका अभयारण्यापुरती नाही. पूर्वेकडे कालाहारीच्या कडेला ओमाहेके नावाचा निर्जल प्रदेश आहे. १९०४ साली जर्मन सैन्याने बंड करून उठलेल्या हेरेरो लोकांना बायकापोरांसह त्यात हाकलले, पाणवठ्यांवर पहारे बसवले आणि परत फिरणाऱ्यांवर गोळ्या घातल्या. सेनापती फोन ट्रोथाने तसा लेखी हुकूमच काढला होता. हेरेरोंपैकी बहुसंख्य त्या तीन-चार वर्षांत मेले. दक्षिणेकडच्या नामा लोकांचीही तीच गत झाली. हा वंशसंहार होता हे कबूल करायला जर्मन सरकारला २०२१ साल उजाडावे लागले. त्या देशातल्या मोकळ्या माळावर उभे राहून ‘येथे माणूस का बरे दिसत नाही’ असे आश्चर्य करणाराने निदान एवढे वाचून जावे.

बरे, जिथे माणसे आजही आहेत तिथे तरी आमचे लेखक त्यांना पाहतात का? वायव्येला कुनेने प्रांतात होआनिब नदीचे कोरडे पात्र आहे. वाळवंटातले हत्ती पाहायला सारे जग तिथे लोटते. पाण्यासाठी हे हत्ती नदीच्या वाळूत पायांनी आणि सोंडेने खड्डे खणतात, मैलोगणती चालतात; सारे खरे आहे. पण ते जिथे चालतात तिथे कुंपण नाही. तिथे शेळ्या चारणारी माणसे राहतात. एका वस्तीवर आम्ही थांबलो. पाण्याच्या टाकीभोवती पुरुषभर उंच दगडी भिंत होती आणि ती एका अंगाने कोसळलेली होती. रात्री हत्ती येऊन गेले होते. नळ मुरगळून पडला होता. लांब झग्यातली एक हेरेरो बाई दगड उचलून पुन्हा रचत होती. आमच्या चालकाच्या तोंडून मी विचारले, राग येत नाही का? ती म्हणाली, “येतो. पण शेळीला तहान लागते तशी त्यालाही लागते.” मग तिने मला विचारले, “तुमच्याकडे हत्ती आले तर काय करतात?” दोडामार्गाकडे माडा-केळींच्या बागांत हत्ती शिरले की काय गदारोळ उडतो, हे मला आठवले आणि मी गप्प बसलो.

या बाईने रचलेल्या दगडांवर नामिबियाचे वन्यजीवन उभे आहे, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १९८०च्या सुमारास याच भागात दुष्काळ आणि चोरटी शिकार यांनी गेंडे-हत्ती संपत आले होते. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ नावाच्या माणसाने एक साधी गोष्ट केली: तो गावच्या मुखियांकडे गेला आणि त्यांच्याच माणसांतून राखणदार नेमले. पुढे १९९६ साली कायदा झाला आणि वस्त्यांना आपापल्या मुलखातल्या जनावरांवर, त्यांपासून होणाऱ्या उत्पन्नावर हक्क मिळाला. अशा ‘कन्झर्व्हन्सी’ आज ऐंशीच्या वर आहेत. प्राणी वाढले ते माणसे हटवल्यामुळे नव्हे, माणसांवर विश्वास टाकल्यामुळे वाढले.

हा विश्वास स्वस्त नाही. याच वाळवंटातल्या पाच तरुण सिंहांवर एक चित्रपट निघाला आणि ते जगभर गाजले. २०१६ साली त्यांच्यापैकी काही गोळीने आणि विषाने मेले; मारणारे गुराखी होते. जगभर हळहळ झाली. व्हायलाही हवी, मीही हळहळलो. पण ज्या गोठ्यातली गाढवे-गुरे त्या सिंहांनी रात्रीतून फस्त केली, त्या गोठ्यावर कोणी चित्रपट काढला नाही. २०२४ साली भीषण दुष्काळ पडला, जवळजवळ अर्ध्या देशाला अन्नाची भ्रांत पडली, आणि सरकारने ७२३ वन्य प्राणी मारून त्यांचे मांस वाटायचे ठरवले. त्यात ८३ हत्ती होते. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. पण त्या आठवड्यात जो आक्रोश झाला त्यात हत्तींचा आकडा सर्वांच्या तोंडी होता आणि उपाशी माणसांचा कोणाच्याच नव्हता. ‘निर्मनुष्य’ या शब्दाची ही करणी! ज्या देशात माणसे नाहीतच असे आम्ही वीस वेळा लिहिले, तिथली माणसे उपाशी राहतील कशी?

यावर आमचे सौंदर्यवादी मित्र म्हणतील, साहित्याला अर्थशास्त्राच्या दावणीला बांधू नका. सौंदर्याचा अनुभव हा स्वयंपूर्ण असतो. मी उलट म्हणतो की माणूस वगळला की सौंदर्यच अर्धे होते. नामिबच्या वाळूच्या टेकडीवर पहाटे एक भुंगेरा डोके खाली, पाठ वर करून उभा राहतो. समुद्रावरून आलेले धुके त्याच्या पाठीवर थेंब होऊन तोंडापर्यंत ओघळते. हे सर्वांनी लिहिले आहे. पण त्याच प्रदेशात कुइसेब नदीकाठी टोपनार लोक राहतात. खोल मुळांच्या काटेरी ‘नारा’ फळावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली. गर आटवून ठेवायचा, बिया वाळवून ठेवायच्या. भुंगेऱ्याची युक्ती अद्भुत आणि माणसाची युक्ती अदृश्य, हे कसले सौंदर्यशास्त्र?

हा रोग परदेशापुरता आहे असेही नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते विमानाने आपल्याकडे आले. आफ्रिकेतून चित्ते आणणे आपल्याला नवे नव्हे. कोल्हापूर संस्थानात ते काळवीटाच्या शिकारीसाठी आणीत आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत. या खेपेला ते कुनोच्या जंगलात सोडले. वर्तमानपत्रांत आठांचीही वये छापून आली. पण ते जंगल मोकळे कसे झाले? सिंहांसाठी म्हणून तेथली चोवीस गावे, मुख्यतः सहारिया आदिवासींची, आधीच उठवलेली होती. सिंह आले नाहीत. गावे गेली ती गेली. त्या चोवीसांतले एकही नाव मी वाचलेल्या बातम्यांत नव्हते.

तेव्हा प्रवासाला जाणाऱ्या लेखकमित्रांना एवढेच सांगणे आहे: खुशाल जा. गेंडा पाहा, सिंह पाहा, डोळ्यांत पाणी येऊ द्या. मात्र वहीत ‘निर्मनुष्य’ लिहिण्यापूर्वी गाडी चालवणाऱ्याला त्याच्या आजीचे गाव विचारा.